कुलूप निघाले तेव्हा : संगणकाच्या ड्रायव्हरांतील ‘शर्यतीं’चा इतिहास (थ्रेड)

१/२४
मे २०११ मध्ये लिनक्सची २.६.३९ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. सामान्य वापरकर्त्याच्या नजरेत भरावे असे तिच्यात फारसे काही नव्हते. पण या प्रणालीच्या गाभ्यात पंधरा वर्षे ठाण मांडून बसलेले एक कुलूप त्या आवृत्तीतून कायमचे गेले. त्याचे नाव ‘बिग कर्नेल लॉक’. एकाच कुलपाने सारा गाभा बंद करणे ही सोय सोपी होती. ती मोडताना मात्र शेकडो ड्रायव्हर एकेक करून तपासावे लागले. असे का झाले, त्याचा हा इतिहास.

२/२४
प्रथम तीन शब्द. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा प्रत्येक उपकरणाची भाषा जाणणारा कर्नेलमधील दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. आणि ‘रेस कंडिशन’ म्हणजे शर्यत : दोन कामे एकाच सामायिक गोष्टीला हात घालतात आणि निकाल बरोबर येणार की चूक, हे आधी कोण पोहोचले यावर अवलंबून राहते.

३/२४
एका वहीवर दोन कारकून काम करीत आहेत अशी कल्पना करावी. खात्यात शिल्लक १०० रुपये. पहिल्याला ५० जमा करायचे आहेत, दुसऱ्याला ३०. पहिला १०० हा आकडा वाचतो. तो नवी शिल्लक लिहिण्यापूर्वीच दुसराही १०० वाचतो. पहिला १५० लिहितो, दुसरा त्यावर १३०. बेरीज दोघांचीही बरोबर, वही मात्र चुकीची. ५० रुपये नाहीसे झाले आणि दोषी कोणीच नाही.

४/२४
या दोषाचा स्वभाव विलक्षण आहे. कारकून हजार वेळा आगेमागे आले तर हजार वेळा हिशेब जुळेल. चाचणी घ्यायला बसावे तर चूक सापडत नाही. चाचणी संपली की कुठेतरी, कधीतरी, एकदाच घडते. जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती दुरुस्त झाली असे तरी कशावरून म्हणायचे? ड्रायव्हरांच्या इतिहासाला हा प्रश्न सुरुवातीपासून चिकटलेला आहे.

५/२४
नेदरलँड्स, १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध. आम्सटरडॅमच्या गणित केंद्रात ‘एक्स-१’ या संगणकाची जुळवाजुळव चालू होती. त्याचे रचनाकार लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी त्यात ‘इंटरप्ट’ची सोय करायचे ठरवले. उपकरणाचे काम संपले की त्याने प्रोसेसरला हाक मारायची. प्रोसेसरने हातातले काम तसेच ठेवून त्याच्याकडे बघायचे. यंत्राचा वेळ वाचणार होता. पण ही हाक नेमकी कोणत्या क्षणी येईल, हे कोणालाच सांगता येणार नव्हते.

६/२४
यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची जबाबदारी एड्सगर डाइक्स्ट्रा या तरुण शास्त्रज्ञाची होती. त्या कल्पनेने ते धास्तावले होते, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. आपल्या प्रोग्रॅममधून पुन्हा न घडणाऱ्या चुका निघतील, अशी त्यांची भीती होती. सहकाऱ्यांनी त्यांचे मन वळवले. डाइक्स्ट्रांनी ते काम पूर्ण केले आणि १९५९ मध्ये त्यावरच पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. आजच्या ड्रायव्हरांच्या पूर्वजांपैकी तो एक.

७/२४
भीतीतून उत्तर निघाले. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात डाइक्स्ट्रांनी ‘सेमाफोर’ची कल्पना मांडली. हा शब्द रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेला आहे. एकेरी रेल्वेमार्गावर टोकन हाती आल्याशिवाय चालक पुढच्या खंडात गाडी नेत नाही आणि टोकन एका वेळी एकाच गाडीला मिळते. त्याचप्रमाणे सामायिक वहीला हात लावण्यापूर्वी परवाना घ्यावा, काम झाले की परत करावा. आजची सर्व ‘कुलपे’ याच विचाराच्या कुळातली.

८/२४
पण कुलूप महाग असते : वाट पाहावी लागते, वेळ जातो. त्यामुळे जिथे परिस्थितीच संरक्षण देते, तिथे कुलूप न लावण्याचा मोह झाला. १९७० च्या दशकातील युनिक्सने तेच केले. प्रोसेसर एकच, कर्नेलचे काम चालू असताना दुसरा प्रोग्रॅम मध्ये घुसणार नाही, असा नियम. उरला प्रश्न इंटरप्टचा. नाजूक क्षणी ड्रायव्हर उपकरणांच्या हाका काही काळ थोपवून धरी. ही रचना सुटसुटीत होती आणि योग्यही होती. मात्र ‘प्रोसेसर एकच आहे’ या गृहीतावर ती पूर्णपणे उभी होती.

९/२४
गृहीत ढासळले की काय होते, हे १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात दिसले. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र. त्याचे नियंत्रण एका पीडीपी-११ संगणकाकडे होते आणि एकाच वेळी अनेक कामे हाताळणारी छोटी प्रणाली त्यासाठी खास लिहिलेली होती. या यंत्राकडून किरणांचा अतिमारा होण्याचे सहा प्रसंग घडले. किमान तीन रुग्ण त्यातून वाचले नाहीत.

१०/२४
टेक्सासमधील टायलर येथे १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन अपघात झाले. यंत्रातील चुंबक जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत. ऑपरेटरने किरणांचा प्रकार चुकीचा टाकून त्या ८ सेकंदांतच तो दुरुस्त केला, तर दुरुस्ती पडद्यावर दिसे. यंत्राच्या मांडणीत मात्र ती पूर्णपणे उतरत नसे. एक काम नोंद वाचत होते, दुसरे चुंबक बसवत होते, आणि दोघांची चुकामूक होत होती. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या शंभरपटीच्या घरात किरण बसले.

११/२४
प्रारंभी निर्मात्यांना हा दोष पुन्हा घडवता आला नाही. तो घडवला टायलरच्या रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने आणि ऑपरेटरने. बटणे नेमकी कोणत्या क्रमाने दाबली गेली होती हे आठवून त्यांनी पुनःपुन्हा प्रयत्न केले. तेव्हा उलगडले की गुपित टंकनाच्या वेगात आहे. सावकाश टंकणाऱ्या नवख्याच्या हातून हा अपघात झालाच नसता. सरावलेल्या हाताने तो घडवला. कंपनीचा पहिला तातडीचा उपाय असा : दुरुस्तीसाठी वर जाण्याचे बटण कीबोर्डवरून काढून टाका आणि त्याच्या जागी चिकटपट्टी लावा.

१२/२४
या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद धागा पुढे सापडला. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही हाच दोष होता. पण त्यात सुरक्षेची स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडवणूक होती. शिकाऊ विद्यार्थी यंत्र हाताळू लागले की फ्यूज उडत. कोणाला इजा होत नसे आणि कारणाचा शोधही कोणी घेत नसे. थेरॅक-२५ मध्ये ती अडवणूक काढून सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवली गेली. दोष जुनाच होता. त्याला झाकणारे कवच तेवढे गेले होते.

१३/२४
लिनक्सच्या इतिहासात नेमके हेच, सुदैवाने रक्तपाताविना, पुनःपुन्हा घडले. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले ते घरच्या ३८६ संगणकावर. त्यात प्रोसेसर एकच. ड्रायव्हर लिहिणारे युनिक्सचीच वाट चोखाळत : नाजूक क्षणी ‘सीएलआय’ ही आज्ञा देऊन इंटरप्ट बंद करायचे, काम उरकायचे, ‘एसटीआय’ने ते पुन्हा उघडायचे. एवढ्यावर शर्यत टळत असे.

१४/२४
जून १९९६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने एकाहून अधिक प्रोसेसरांना आधार दिला. हजारो ओळींचा जुना कोड एका प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. तो रातोरात बदलणे अशक्य होते. तेव्हा सगळ्या कर्नेलला मिळून एकच कुलूप बसवले गेले. प्रोसेसर कितीही असोत, कर्नेलमध्ये एका वेळी एकालाच प्रवेश. जुन्या ड्रायव्हरांना आपण अजून एकट्याच्याच राज्यात आहोत असे वाटत राहिले. संक्रमणकाळासाठी हा तोडगा शहाणपणाचा होता.

१५/२४
या कुलपाचे दोन गुणधर्म पुढे डोकेदुखी ठरले. ज्याच्याकडे ते आधीच आहे त्याने पुन्हा मागितले तरी ते मिळे. त्यामुळे कोणत्या वाटेवर कोणी ते आधीच घेतले आहे, हे कोड वाचून कळत नसे. शिवाय काम वाट पाहत ‘झोपी’ गेले की कुलूप आपोआप सुटे आणि जागे होताच परत मिळे. मधल्या काळात दुसरा कोणी येऊन वही बदलून गेलेला असू शके. आणि सर्वांत अवघड बाब म्हणजे, हे कुलूप नेमक्या कोणत्या माहितीचे रक्षण करते, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

१६/२४
२.२ (१९९९) आणि २.४ (२००१) या आवृत्त्यांत नेटवर्क, डिस्क वगैरे वर्दळीच्या भागांना आपापली छोटी कुलपे मिळाली. ड्रायव्हर मात्र मागे राहिले. २००१ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सच्या कोडची यंत्राद्वारे तपासणी केली. तीत ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नेलच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळले. यात नवल नव्हते. ज्या उपकरणासाठी ड्रायव्हर लिहिला ते मोजक्या लोकांकडेच असते, आणि ते कालबाह्य झाले तरी कोड मागे उरतो.

१७/२४
जुलै २००२ मध्ये पहिला मोठा घाव बसला. अनेक प्रोसेसरांच्या यंत्रात ‘सीएलआय’ने सगळ्याच प्रोसेसरांचे इंटरप्ट थोपवण्याची सोय इंगो मोलनार यांनी २.५.२८ या विकास-आवृत्तीतून काढली. तिच्यावर विसंबलेले ड्रायव्हर एका झटक्यात निकामी झाले. त्यांच्यावर ‘अनेक प्रोसेसरांवर चालत नाही’ अशी खूण पडली आणि मग ज्याचा त्याने दुरुस्त करायचा. दुरुस्तीचे सूत्र मात्र बदलले होते. पूर्वी ‘कोणालाही आत येऊ देऊ नका’ असे म्हटले की भागे. आता ‘मी या विशिष्ट यादीला हात लावतो आहे, तिचे हे कुलूप’ असे नेमके सांगावे लागे.

१८/२४
त्याच वर्षी कर्नेलचे काम मध्येच थांबवून दुसऱ्याला संधी देण्याची सोय आली. म्हणजे युनिक्सकालीन आणखी एक गृहीत गेले. यूएसबीमुळे चालू यंत्रातून उपकरण उपटले जाऊ लागले. ड्रायव्हर डेटा लिहीत आहे आणि उपकरणच जागेवर नाही, अशी नवी शर्यत उभी राहिली. यावर कुलूप पुरत नाही. वस्तू किती जण वापरीत आहेत याची मोजणी ठेवायची आणि शेवटच्याने हात काढेपर्यंत ती मोडायची नाही, ही शिस्त लागते. या मोजणीची सामायिक सोय २००४ मध्ये कर्नेलमध्ये दाखल झाली.

१९/२४
कुलपे वाढली तसा नवा धोका आला. एकाने ‘अ’ कुलूप घेऊन ‘ब’ची वाट पाहायची, दुसऱ्याने ‘ब’ घेऊन ‘अ’ची, दोघेही कायमचे अडकलेले. २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत मोलनार यांचा ‘लॉकडेप’ हा पहारेकरी आला. कोणते कुलूप कोणत्या कुलपानंतर घेतले जाते याची तो नोंद ठेवतो. उलटा क्रम दिसताच इशारा देतो. प्रत्यक्ष कोंडी झालेली नसली तरीही. चूक घडण्याची वाट न पाहता चुकीची शक्यता पकडणे, हा या इतिहासातील खरा कलाटणीचा क्षण.

२०/२४
तरीही महाकुलूप जागेवरच होते. २००८ मध्ये सेमाफोरच्या नव्या रचनेमुळे एका प्रसिद्ध चाचणीत कर्नेल सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला आणि मूळ दुखणे या कुलपापाशी निघाले. मग ते मुळासकट काढण्याची मोहीम उघडपणे सुरू झाली. पद्धत चिकाटीची होती. कुलूप वरच्या सामायिक कोडमधून खाली, प्रत्येक ड्रायव्हरच्या दारापर्यंत ढकलायचे. जोनाथन कॉर्बेट यांनी अक्षर-उपकरणांच्या ड्रायव्हरांबाबत हे केले. कुलूप दारात आले की त्या ड्रायव्हरला ते खरोखर लागते का, हे निदान डोळ्यांनी दिसते.

२१/२४
शेवटचा टप्पा आर्ण्ड बर्गमन यांनी पार पाडला. बहुसंख्य ड्रायव्हरांत महाकुलपाच्या जागी त्या ड्रायव्हरपुरते खासगी कुलूप बसले. कित्येक ठिकाणी ते मुळात नकोच होते. काही जुन्या घटकांना कोणी वालीच उरला नव्हता. ते कर्नेलमधून गेले. जानेवारी २०११ च्या २.६.३७ मध्ये महाकुलपाविना कर्नेल बांधणे शक्य झाले आणि मे महिन्यात उरलासुरला भागही निघाला. पण शर्यती संपल्या नव्हत्या.

२२/२४
पुरावा मार्च २०१७ मध्ये मिळाला. सिरियल जोडणीवरील एचडीएलसी या जुन्या संदेशपद्धतीचा ‘एन_एचडीएलसी’ हा ड्रायव्हर. पाठवताना अडलेला डेटाचा डबा तो बाजूच्या एका स्वतंत्र खणात ठेवी. जून २००९ मध्ये त्यात रांग रिकामी करण्याचे नवे कार्य जोडले गेले. आता अडलेल्या डब्याला हात लावणारे दोघे झाले. दोघेही एकाच क्षणी आले तर तोच डबा ‘रिकाम्या डब्यां’च्या यादीत दोनदा जाई आणि शेवटी तीच स्मृती दोनदा मोकळी केली जाई. त्या फटीतून साध्या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळवता येत. यासाठी ते उपकरण जवळ असण्याचीही गरज नव्हती. अनेक वितरणांत हा ड्रायव्हर मागताच आपोआप लोड होई.

२३/२४
हा दोष जवळपास आठ वर्षे दडून राहिला. कर्नेलला यादृच्छिक आज्ञांचा भडिमार करणाऱ्या ‘सिझकॉलर’ या साधनाच्या मदतीने अलेक्झांडर पोपोव्ह यांनी तो शोधला. त्यांनी केलेली दुरुस्ती अभ्यासण्याजोगी आहे. स्वतंत्र खणाभोवती आणखी एक कुलूप घालण्याऐवजी त्यांनी तो खणच काढून टाकला. अडलेला डबा आता रांगेच्या तोंडाशी परत जातो. रांगेला स्वतःचे कुलूप आहेच. ज्या गोष्टीसाठी शर्यत होती ती गोष्टच राहिली नाही. पुष्कळदा ड्रायव्हरमधील उत्तम दुरुस्ती ही अशी वजाबाकीची असते.

२४/२४
ऑगस्ट २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत ‘केसीसॅन’ हे साधन आले. ते स्मृतीला हात लावणाऱ्या एखाद्या कामाला मुद्दाम क्षणभर थांबवते आणि त्याच जागी दुसरा कोणी येतो का ते पाहते. ज्या दुर्मीळ क्षणाला डाइक्स्ट्रा घाबरले होते, त्याला आता हेतुतः आमंत्रण दिले जाते. टायलरच्या त्या दोघांनी कीबोर्डवर जे केले, तेच हे यंत्र अव्याहत करते. डिसेंबर २०२२ पासून लिनक्समध्ये रस्ट भाषेलाही जागा मिळाली. कोणत्या माहितीवर कोणते कुलूप हे त्या भाषेत कोडमध्येच मांडता येते आणि कुलूप न घेता ती माहिती हाताळू पाहणारा साधा कोड संकलकच नाकारतो. अर्थात घटनांचा क्रमच चुकवणाऱ्या सगळ्या शर्यती तीही थांबवू शकत नाही.
एक्स-१ पासून आजवरचा क्रम पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. थेरॅक-२० चे फ्यूज, युनिक्सचा एकमेव प्रोसेसर, लिनक्सचे महाकुलूप : प्रत्येकाने कोणाच्या तरी अलिखित गृहीताला आसरा दिला होता. आसरा गेला त्या दिवशी जुना कोड एका ओळीनेही न बदलता चुकीचा ठरला. म्हणून आज कर्नेलमध्ये कुलूप जोडताना ते कशाचे रक्षण करते, हे शेजारीच लिहून ठेवण्याचा आग्रह धरला जातो. पंधरा वर्षांच्या त्या कुलपाने शिकवलेला धडा त्या एका ओळीच्या टिपणीत आहे.
(थ्रेड समाप्त)